खोदण्याआधी विचारा
(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज मी तुम्हाला माझ्याच चुकीची गोष्ट सांगणार आहे. सांगायला लाज वाटते. पण पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. म्हणून सांगतो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, गोदावरीच्या काठाला. मला गोठ्यापासून रस्त्यापर्यंत सांडपाण्याची चारी काढायची होती. वाटेत सिमेंटचा एक बुटका खांब होता. त्यावर अक्षरं कोरलेली होती. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मी त्या खांबाला वासरू बांधत असे.

थोरला भाऊ म्हणाला, "अरे, कुणाला तरी इचारून घे."

मी म्हणालो, "माझ्या दारात खांदायला कुणाला इचारायचं?"

दोन हात खोल गेलो. टिकाव जोरात हाणला आणि पाणी उसळलं. गावाच्या नळाची मोठी पाइप फुटली होती.

चार दिवस गावात नळ आला नाही. ऐन वैशाखात आयाबाया डोक्यावर हंडे घेऊन नदीकाठच्या विहिरीवर गेल्या. पाचव्या दिवशी पाइप जोडली. पण फुटलेल्या तोंडातून चिखल आणि गोठ्याची घाण आत गेली होती. ते पाणी पिऊन आमच्या आळीतली लेकरं हगवणीनं आजारी पडली. त्यांत माझी पुतणीही होती. ती वाचली. वहिनी मला एका शब्दानं बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

पुढे मी अशाच एका वर्गात बसून अक्षरं शिकलो. वाचता यायला लागल्यावर पहिल्यांदा त्या खांबापाशी गेलो. त्यावर लिहिलं होतं, 'खाली पाण्याची पाइप आहे.' एवढंच. तेवढे चार शब्द मला तेव्हा वाचता आले असते तर!

मंडळी, आता जमिनीच्या पोटात पाण्याची पाइप एकटी नाही. विजेची केबल आहे. टेलिफोनची तार आहे. ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट नेणारी काचेच्या तंतूंची केबल आहे. शहरात गटाराची लाइन आहे, काही शहरांत गॅसही आहे. शेतात तर नदीवरून किंवा विहिरीवरून आणलेल्या पाइपलाइनी एकमेकींना ओलांडून जातात. वरून काही दिसत नाही.

आपली काळी जमीनही फसवी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. त्या ओढीनं पाइप हलते, सांधे सुटतात. कुठे वरची माती वाहून जाते, कुठे भर पडते. म्हणून 'पाइप चार हात खोल आहे, मला ठाऊक आहे,' या भरवशावर राहू नये.

मग करावं काय?

पहिली गोष्ट, विचारा. ग्रामपंचायतीत विचारा. गावात पाणी सोडणाऱ्याला विचारा. विजेच्या केबलीसाठी लाइनमनला विचारा. शेतात शेजाऱ्याला विचारा. चारी खोदली तेव्हा हजर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांना कागदावर नसलेलंही आठवतं.

सरकारनं यासाठी मोबाइलवर एक सोय केली आहे. तिचं नाव 'कॉल बिफोर यू डिग', म्हणजे खोदण्याआधी कळवा. ती २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाली. जेसीबीवाला किंवा ठेकेदार कुठं खोदणार ते तिच्यात भरतो. मग ज्यांच्या लाइनी तिथं असतील त्यांना निरोप जातो. अमेरिकेत असाच ८११ हा नंबर २००७ सालापासून आहे. आपल्याकडे २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार अशी केबल तोडणाऱ्याला भरपाई आणि दंड भरावा लागू शकतो. तेव्हा ठेकेदाराला काम देताना 'कळवलंस का?' असं खुशाल विचारा.

दुसरी गोष्ट, खूण करा. लाइन कुठून जाते ते कळलं की तिथं फक्की ओढा. अमेरिकेत रंग ठरलेले आहेत. विजेला लाल, पाण्याला निळा, गॅसला पिवळा. आपल्याला पांढरी फक्की पुरे. पण ती पावसानं धुऊन जाते, म्हणून दोन्ही टोकांना खुंट्याही ठोका.

तिसरी गोष्ट, खुणेजवळ यंत्र लावू नका. केबल शोधायचं यंत्र असतं. त्याला विजेची केबल, लोखंडी पाइप कळते. नुसती प्लॅस्टिकची पाइप कळत नाही. म्हणून आधी हातानं छोटा खड्डा घ्या. फावड्यानं माती हलके काढा. टिकाव आणि पहार तिथं नको.

चौथी गोष्ट, माती काय सांगते ते पाहा. काळ्या मातीत मधेच वाळूचा थर लागला, विटांची किंवा फरशीची रांग लागली, रंगीत पट्टी निघाली, तर थांबा. विजेची केबल पुष्कळदा वाळूत ठेवतात आणि वर विटा मांडतात. त्या विटा काढून टाकू नका. त्या तुमच्या जिवासाठी तिथं आहेत.

आणि एवढं करूनही जेसीबी केबलीला लागलाच, तर चालकानं आतच बसून राहावं. घाईनं खाली उतरू नये. मशिनीला आणि जमिनीला एकदम पाय लागला तर वीज अंगातून जाते. बाकीच्यांनी लांब राहावं आणि १९१२ या नंबरावर वीज कंपनीला कळवावं. मशिनीला आग लागली तरच चालकानं दोन्ही पाय जोडून बाहेर उडी मारावी. पाय जोडलेलेच ठेवून, छोट्या उड्या घेत लांब जावं.

पाइप फुटली तर लपवू नका. लगेच सांगा. मी त्या दिवशी घाबरून तासभर गप्प बसलो. त्या तासात घाण आत गेली.

आता तुम्ही अक्षरं शिकत आहात. उद्या रस्त्यानं जाताना कडेचे खांब आणि दगड वाचा. घरी जाऊन सांगा, इथं खाली काय आहे. आणि आज पाटीवर एवढं लिहा:

आधी विचारू, मग खोदू.