संगणकातला ढोल मुका का होतो?



व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा काही मंडळींनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, की कामगार संघटनेचा माणूस संगणकातल्या ढोलावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे झाले ते कारखान्याच्या फाटकावर, मोंढ्यातल्या हमालांच्या बैठकीत आणि वाचनालयाच्या बाकावर. परंतु गाऱ्हाणे घेऊन येणारा माणूस, हे तुमच्या अभ्यासक्रमात आहे काय, असे विचारून येत नसतो. ऊस संपला, गळीत हंगाम आटोपला, की हंगामी कामगारांतली कितीतरी पोरे लग्नसराईत आणि जयंत्यांच्या दिवसांत बेंजो पार्टीत वाजवतात. चार महिने घर त्यावर चालते. ही पोरे पूर्वी आमच्याकडे थकलेल्या पगाराची तक्रार घेऊन येत, आता तिच्याबरोबर दुसरी आणतात, “भाऊ, लायब्ररी मिसिंग दाखवतंय.”

हे यंत्र काय आहे ते आधी पाहू. ज्याला ही पोरे ‘ऑक्टापॅड’ म्हणतात, तो रोलंड या जपानी कंपनीने १९८५ साली काढला. त्याचे नाव पॅड-८. आठ रबरी चौकोन, त्यांवर काठी मारावयाची. मौज अशी, की त्या पहिल्या ऑक्टापॅडच्या पोटात एकही आवाज नव्हता. तो फक्त निरोप्या होता. ‘अमुक चौकोनावर इतक्या जोराने मारले’ एवढा निरोप तो तारेतून दुसऱ्या पेटीला देई आणि आवाज त्या पेटीत असे. निरोपाची ही भाषा ‘मिडी’ या नावाने १९८३ पासून साऱ्या जगाने मान्य केली. तीत प्रत्येक वाद्याला आकडा आहे. पायाने वाजवावयाचा मोठा ढोल ३६, स्नेअर ३८, मिटलेली हायहॅट ४२. आघाताचा जोरही १ ते १२७ अशा आकड्यांत लिहितात. पुढच्या ऑक्टापॅडांत आवाज आत आले. तथापि आज गाण्याचा ताल ज्या संगणकात बसवतात, तेथे पुन्हा जुनीच वाटणी आहे: वाजवणारा प्रोग्राम एकीकडे आणि आवाजांचे कोठार दुसरीकडे.

हे कोठार केवढे असते? स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीने २०१७ मध्ये ‘सुपीरियर ड्रमर ३’ काढला, त्याचे आवाज २३० जीबीच्या वर भरतात. एका ढोलाला एवढी जागा कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु खऱ्या वादकाची थाप दोनदा सारखी पडत नाही. म्हणून एकच ढोल हळू, मध्यम, जोरात असा अनेक पायऱ्यांनी वाजवून घेतात. प्रत्येक पायरीवर पुन्हा चार-सहा निरनिराळ्या थापा घेतात. आणि त्या प्रत्येक थापेचे जवळच्या, दूरच्या, छतावरच्या मायक्रोफोनांतून वेगवेगळे मुद्रण करतात. एवढे साहित्य संगणकाच्या मूळ डिस्कवर मावत नाही. मग पोरे ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतात, आणि घोटाळ्याचा उगम येथेच आहे.

प्रोग्रामजवळ माल नसतो, मालाचा पत्ता असतो. आमच्या हमाल बांधवांना हे एका वाक्यात समजते. वखारीची पावती म्हणते, तूर चौथ्या गोदामात, तिसऱ्या थप्पीला आहे. मधल्या काळात कोणी ती थप्पी सातव्या गोदामात हलवली आणि पावती बदलली नाही, तर कारकून चौथ्या गोदामाचे दार उघडून सांगणार, माल गहाळ आहे. माल गहाळ नाही. पावती जुनी आहे. संगणक ‘लायब्ररी मिसिंग’ म्हणतो तेव्हा दहांत बहुतेक वेळा एवढेच घडलेले असते. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की घाबरून सगळा प्रोग्राम काढून पुन्हा टाकू नका. पावती दुरुस्त करावयाची सोडून वखार पाडण्यासारखे ते होईल.

आधी पाहावे, डिस्क जोडलेली आहे ना आणि संगणकाला ती दिसते ना. दिसत असेल तर तिचे अक्षर पाहावे. विंडोज संगणक प्रत्येक डिस्कला एक अक्षर देतो. काल ती ‘डी’ होती. आज आधी एक पेन ड्राइव्ह खोचला म्हणून ती ‘ई’ झाली. प्रोग्राम ‘डी’च्या दारात उभा राहून हाका मारतो आहे! डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला जुने अक्षर परत द्यावे आणि शक्य तर वर्णमालेच्या शेवटचे, एरवी कोणी न मागणारे अक्षर कायमचे देऊन टाकावे. मॅक संगणकात अक्षर नसते, डिस्कचे नाव असते; तेथे नाव बदलले की तोच प्रकार. शिवाय नवे मॅक बाहेरच्या डिस्कला हात लावण्यापूर्वी परवानगी मागतात आणि घाईत कोणी ‘नाही’वर बोट ठेवले असेल, तर समोर असलेला माल प्रोग्रामला दिसत नाही. ही परवानगी सेटिंगमधल्या गोपनीयतेच्या पानावर पुन्हा देता येते.

माल खरोखरच हलवला असेल, तर प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये लायब्ररीचा मार्ग नव्याने दाखवावा. बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचा ‘काँटॅक्ट’ हा प्रोग्राम सॅम्पल सापडले नाही की स्वतःच खिडकी उघडून, कोठे शोधू, असे विचारतो. त्याला फोल्डर दाखवले की काम होते. परंतु पुढची पायरी पोरे विसरतात. दाखवल्यानंतर ते वाद्य पुन्हा सेव्ह केले पाहिजे. नाही तर दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न आणि तीच खिडकी. वाद्ये पुष्कळ असतील तर सगळी एकदम सेव्ह करण्याची सोय त्या प्रोग्राममध्ये आहे.

तिसरा प्रकार, माल अर्धा आलेला असतो. गावात वीज जाते, मोबाइलचा डेटा मध्येच संपतो, आणि उतरवून घेतलेली लायब्ररी अपुरी राहते. फोल्डर दिसतो, नाव दिसते, पण आत काही फायली नाहीत. अशा वेळी फोल्डरचा आकार कंपनीने सांगितलेल्या आकाराशी ताडून पाहावा आणि कंपनीच्या इन्स्टॉलरकडूनच दुरुस्ती करून घ्यावी. दुसऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून फायली आणणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की फॅट३२ पद्धतीने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही. ती एक्सफॅट पद्धतीने तयार करून घ्यावी लागते. आणि एक घरगुती सूचना. आपल्या भाषेचा आम्हांस अभिमान आहे. परंतु काही जुन्या प्रोग्रामांना फोल्डरचे देवनागरी नाव वाचता येत नाही. भजनाच्या फोल्डरला खुशाल मराठी नाव द्या, सॅम्पलच्या फोल्डरला रोमन अक्षरांतले लहानसे नाव द्या.

हे सारे सुपारीच्या आदल्या रात्री सुचत नाही, आणि तंटा तेथेच आहे. आठ माणसांचा संच, टेम्पोचे भाडे ठरलेले, इसार घेऊन खर्चही झालेला, आणि रात्री अकरा वाजता पडद्यावर लाल अक्षरे! हातावर पोट असणाऱ्याला तांत्रिक अडचण ही चीज नसते. त्याची ती बुडालेली रोजी असते. म्हणून ज्यांचे पोट यावर आहे त्यांनी गाणे बसले की ताल वेगळ्या वेव्ह फाइलमध्ये उतरवून ठेवावा. मग कोठाराला आग लागली तरी त्या रात्रीचे गाणे वाजते. लायब्ररीची दुसरी प्रत दुसऱ्या डिस्कवर, दुसऱ्याच्या घरी असावी. आणि चोरून उतरवलेल्या प्रती? त्यांच्यावर आम्ही प्रवचन देणार नाही. एवढेच सांगतो, की अशा प्रतीला ना दुरुस्ती मिळते ना दाद मागण्याची जागा, आणि विषाणू-रोधक प्रोग्राम तिच्या फायली उचलून कोंडून ठेवतो त्या वेगळ्याच. पैसे नसतील तर ‘हायड्रोजन’ आणि ‘ड्रमगिझ्मो’ हे प्रोग्राम मुक्त आहेत, फुकट आहेत. हायड्रोजनमध्ये आपण स्वतः मुद्रित केलेले आवाजही बसवता येतात. या गोष्टीकडे आम्हांस पुढे यावयाचे आहे.

आतापर्यंत हरवलेल्या फायलींचे बोललो. आता जे आवाज मुळात कोठारात आलेच नाहीत, त्यांचे बोलू. अमेरिकेत रॉजर लिन याने १९८० साली एलएम-१ नावाची पेटी काढली. खऱ्या ढोलाच्या मुद्रित थापा वाजवणारी ती पहिली पेटी. तिच्यात मोठी झांज नव्हती, कारण झांजेचा नाद लांबतो आणि तेवढी स्मृती त्या काळी परवडत नव्हती. पैसा नाही म्हणून आवाज नाही, ही गोष्ट या यंत्राच्या जन्मापासूनची आहे. तिच्यातल्या बहुतेक थापा आर्ट वूड नावाच्या लॉस एंजेलिसच्या वादकाने वाजवल्या. पेटीचा जनक जगाला ठाऊक झाला. हात कोणाचे होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता आपल्याकडे पाहा. तबला, ढोलक यांच्या लायब्ऱ्या परदेशातही निघाल्या. परंतु आमची हलगी? चामडे आगटीवर शेकून चढवावे लागते, एका हाती बारीक काडी आणि दुसऱ्या हाती जाड टिपरू, आणि शेक उतरत गेला की तिचा स्वर खाली येत जातो. तिचा कोणता स्वर मुद्रित करावा? आरंभीचा, की अर्ध्या तासानंतरचा? गोंधळ्याचे संबळ म्हणजे दोन निरनिराळे पिंड एकत्र बांधलेले, आणि त्यांतल्या एकावर वाकड्या टोकाची काडी पडते. तमाशातल्या ढोलकीची कडाडणारी शाई आणि डाव्या पुडीचा घुमारा यांमधले अंतर हे वादकाच्या मनगटाचे असते. यासाठी वाजवणारा माणूस बसवून, त्याला दिवसाची मजुरी देऊन, शांत जागेत शेकडो थापा घ्याव्या लागतात. बाजारात ‘इंडियन’ म्हणून जो संच मिळतो त्यात हलगीच्या जागी भलतेच काहीतरी ठोकलेले पुष्कळदा आम्ही ऐकले आहे. ही वाद्ये ज्या जातींनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली, त्यांना वाजवण्याबद्दल मान मिळाला नाही, आणि आता वाद्याचा आवाज विकला जाईल तेव्हा मोबदलाही मिळू नये, हे आम्हांस मान्य नाही.

कोणी म्हणतील, यंत्रावर बंदी घाला. हा उपाय करून पाहिलेला आहे. ब्रिटनच्या वादक संघाच्या मध्य लंडन शाखेने १९८२ साली सिंथेसायझर व ढोलयंत्रे बंद करावीत असा ठराव केला. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. त्याआधीचा अमेरिकेतला लढा आम्हांस अधिक शिकण्याजोगा वाटतो. जेम्स पेट्रिलो याच्या नेतृत्वाखाली तिथल्या वादक संघाने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण बंद केले. (१ ऑगस्ट ही आपल्याकडे अण्णाभाऊ साठ्यांची जयंती, त्या दिवशी हलगी कशी वाजते हे येथे सांगावयास नको.) त्यांची मागणी रेकॉर्ड मोडून टाका अशी नव्हती. प्रत्येक रेकॉर्डमागे थोडी रक्कम बेकार वादकांच्या निधीला द्या, अशी होती. डेक्का कंपनी १९४३ मध्ये नमली, आरसीए व्हिक्टर व कोलंबिया १९४४ च्या नोव्हेंबरात. पुढे कायद्याने तो निधी संघाच्या हातून काढला, १९४८ मध्ये पुन्हा बंद पुकारावा लागला, आणि स्वतंत्र विश्वस्त निधी उभा राहिला. त्यातून वादकांना पैसे देऊन लोकांसाठी फुकट जलसे झाले.

आपल्या कायद्यात १९९४ साली सादरकर्त्याचा हक्क आला. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी उपयोगाबद्दल मानधनाचा वाटा आणि नावाचा हक्कही मान्य केला. गायकांनी त्यासाठी संस्था काढली. सुटी एक थाप म्हणजे सादरीकरण की नाही, यावर वकील वाद घालतील, घालू द्यात. म्हणूनच कागद आधी झाला पाहिजे. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाला काय दिले? मालक रोज बदलो, गोदाम बदलो, हमालाची नोंद मंडळाकडे राहते आणि मजुरी मंडळामार्फत मिळते. वादकाचा मालकही दर रात्री बदलतो. त्याची नोंद कोठेच नाही. तसे मंडळ वादकांसाठी असावे, ही मागणी आम्ही धरून आहोत आणि ती एका वर्षात पदरात पडणार नाही, हेही जाणतो.

तोवर करण्याजोगे एक काम आहे. या तालुक्यात हलगी, संबळ, दिमडी, ढोलकी वाजवणारी जी जाणती माणसे आहेत, त्यांच्या थापा त्यांच्याच पोरांनी मुद्रित कराव्यात आणि हायड्रोजनसारख्या मुक्त प्रोग्रामात बसेल असा संच तयार करावा. खोली शाळेची चालेल, मात्र उन्हाळ्याच्या सुटीत आणि पंखे बंद करून. वादकाला त्या दिवसाची मजुरी रोख द्यावी. कागदावर त्याचे नाव, वाद्य, गाव, तारीख असावी. आवाज कशासाठी वापरता येईल आणि कशासाठी पुन्हा विचारावे लागेल हे लिहावे. आणि संच कोणी विकत घेतला तर वाट्याचा आकडाही त्यात असावा. फोल्डरला वादकाचेच नाव द्यावे, म्हणजे संगणक जेव्हा ‘सापडत नाही’ म्हणेल, तेव्हा कोण सापडत नाही तेही पडद्यावर दिसेल. अशा कागदाचा मसुदा आम्ही बरोबर आणला आहे. सभा आटोपल्यावर आम्ही मंडपाच्या डाव्या बाजूस थांबू; ज्या वादकांना तो वाचून पाहावयाचा असेल त्यांनी यावे, आणि ज्यांना वाचता येत नसेल त्यांनी तर अवश्य यावे, आम्ही वाचून दाखवू.