माझा कॅमेरा, माझी भिंगे आणि एक कडे

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "या वेळी तुमच्या छंदावर तुम्हीच बोला." मी म्हटले, "अहो, प्रत्येक समारंभात मी कॅमेऱ्यामागे असते, म्हणून तर मला कुणी बोलायला लावीत नाही. ती सोय कशाला मोडता?" पण त्यांनी ऐकले नाही. आज हातात कॅमेरा नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत तेच मला कळेनासे झाले आहे, तेवढे सांभाळून घ्या.

माझा पहिला फोटो वडिलांच्या आग्फा क्लिक-थ्रीने काढलेला. १९६० नंतरच्या काळात हा साधा डबा पुष्कळ घरांतून असे. एका फिल्मवर बारा चौकोनी फोटो निघत. वडील म्हणत, "बारातला एक तुझा. उरलेल्या अकरांना हात लावायचा नाही." तो एक फोटो मी आठआठ दिवस जपून ठेवी. आज मोबाइलवर एका जेवणाचे वीस फोटो निघतात, त्यात वाईट काही नाही. पण बटण दाबण्याआधी थांबण्याची सवय मला त्या एका फोटोने लावली.

लग्नानंतर घरात दुसरा कॅमेरा आला. ह्यांनी मुंबईहून जुना रशियन झेनिट आणला. त्याचे भिंग हेलिओस, ५८ मिलिमीटरचे. कॅमेरा एवढा जड, की मी विनोदाने म्हणे, "फोटो नाही आला तरी चालेल, वरवंट्याच्या कामी येईल." पण ते भिंग फार गुणी. माणूस स्पष्ट आणि मागची झाडे विरघळल्यासारखी, असे चित्र ते देई. मुलांची बालपणे, सासूबाईंची पंचाहत्तरी, सारे त्यातूनच पाहिले. २००९ साली हे गेले. पुढे झेनिटचा पडदाही अडकून बसला आणि दुरुस्त करणारा मिळाला नाही. भिंग मात्र होते तसेच होते.

२०१४ साली मुलाने मला डिजिटल कॅमेरा घेऊन दिला. तेव्हा माझ्या मनात आले, ह्यांचे भिंग या नव्या कॅमेऱ्याला लावता येणार नाही का? झेनिटचे भिंग आट्यांनी फिरवून बसते, नव्याला खाचांची कडी. दोहोंना जोडणारे कडे बाजारात मिळते. त्याला ॲडाप्टर म्हणतात. मी स्वस्तातले एक घेतले. भिंग खट्कन बसले. समोरच्या तुळशीचा फोटो काढला, तो सुरेख आला. मला आभाळ ठेंगणे झाले.

आणि इथेच माझी चूक झाली. २०१६ साली मंडळाची सहल वाईजवळ मेणवलीला गेली होती, आठवते ना? नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट. घाटाच्या पायऱ्यांवर तुम्हा सर्वांना बसवून मी मोठ्या थाटात समूहचित्र घेतले. उन्हात मागच्या पडद्यावर नीट दिसत नव्हते. घरी येऊन पाहते तो सगळे धुके. तीस जणी, आणि एकीचेही नाक-डोळे ओळखू येईनात. त्या वेळी "काही तांत्रिक अडचण आली" असे मी मोघम सांगितले होते. आज खरे सांगते, अडचण अज्ञानाची होती.

लहानपणी आपण भिंगाने उन्हात कागद जाळायचो. भिंग नेमक्या अंतरावर धरले तरच उन्हाचा ठिपका होतो; थोडे जवळ किंवा दूर झाले की ठिपका पसरतो. कॅमेऱ्याचेही तसेच आहे. भिंग जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंतचे अंतर ठरलेले असते. झेनिटच्या आट्यांच्या भिंगाला ते ४५.४६ मिलिमीटर लागते. माझ्या नव्या कॅमेऱ्यात ते ४६.५ होते. म्हणजे भिंग आधीच एक मिलिमीटर जास्त दूर, त्यात कड्याची जाडी आणखी साधारण एक. दोन मिलिमीटरांनी काय बिघडणार, असे वाटेल. पण तेवढ्याने पाच-सहा फुटांपलीकडचे काहीच स्पष्ट होत नाही. तुळस जवळ होती म्हणून आली, घाट लांब होता म्हणून गेला.

शिवणकामात आपण म्हणतो, जास्तीचे कापड आत मुडपता येते, कमी पडले तर कुठून आणायचे? इथे तोच न्याय. पुढे आरसा नसलेले कॅमेरे आले. भिंगामागे वरखाली होणारा आरसा काढून टाकल्यामुळे ते चपटे झाले. त्यांतल्या एका सोनीच्या जातीत हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. मग उरलेले साडेसत्तावीस मिलिमीटर तेवढ्याच लांबीच्या कड्याने भरून काढले, की भिंग आपल्या जागी येते. २०१८ साली मी तसा कॅमेरा घेतला. भिंग आणि कॅमेरा यांची विजेची ओळख नसल्यामुळे स्पष्टता हाताने फिरवून आणावी लागते. पण स्पष्ट झालेल्या कडा पडद्यावर रंगीत दिसण्याची सोय आहे, तिने माझे काम हलके केले.

पुढे माझे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म झाले. डॉक्टरांनी आधी डोळ्याची लांबी मोजली आणि मगच आतले भिंग ठरवले. मी मनात म्हटले, बाई, तूही कडे घेण्याआधी एवढे मोजले असतेस तर!

आता मेणवलीचे उरलेले सांगते. आपल्यातल्या सर्वांत वडील काकू सहलीनंतर वर्षभरात गेल्या. त्यांची लेक माझ्याकडे आली. म्हणाली, "आईचा अलीकडचा फोटो आमच्याकडे नाही. तुम्ही सहलीत काढला होता ना?" मी तिला ते धुके कसे दाखवू? रात्री पुन्हा सगळे फोटो पाहिले. त्याच दुपारी वाड्याच्या ओसरीवर काकू वाती वळत बसल्या होत्या आणि मी अगदी शेजारी बसून एक फोटो घेतला होता. तो हाताच्या अंतरावरचा होता, म्हणून वाचला. बोटे, कापूस, बांगड्या सगळे लख्ख. चेहरा खाली वाकलेला आणि जरा पुसट. मी संकोचाने तोच दिला. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे आईचेच हात."

त्या लेकीने मला दोष दिला नाही. पण काकू अनेक वर्षे मंडळात आल्या, शेकडो फोटो मी काढले, आणि त्यांचा एकटीचा धड चेहरा माझ्याकडे नव्हता, हे मला अजून लागते. आपण पाहुण्यांचे फोटो काढतो, हारतुऱ्यांचे काढतो. पोळ्या लाटणाऱ्या मागच्या खोलीतच राहतात.

होमाई व्यारावाला यांचे नाव आपण ऐकले असेल. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. साडी नेसून, जड कॅमेरे उचलून त्यांनी देशाचा इतिहास टिपला. आपल्याला आपल्या गल्लीचा टिपता आला तरी पुष्कळ झाले.

कुणाच्या कपाटात जुना कॅमेरा असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी लागते; त्याला चामड्याच्या पिशवीत न ठेवता, पापडासारखे घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. आणि नवे कडे घेतलेत तर प्रथम दूरच्या देवळाच्या कळसाचा फोटो काढून पाहा. कळस स्पष्ट आला, तर कडे बरोबर.

शेवटी एक विनंती. येत्या महिन्यापासून दर शनिवारी, भजनाच्या आधी अर्धा तास, मी या सभागृहाच्या उत्तरेकडच्या खिडकीशी बसणार आहे. प्रत्येकीने एकदा समोर येऊन बसावे. "मी काही फोटोत चांगली दिसत नाही" हे कारण चालणार नाही. फोटोमागे नाव आणि तारीख मी लिहीन, एक प्रत तुम्हाला आणि एक मंडळाच्या दप्तराला. भिंग ह्यांचेच असेल आणि कडे आता बरोबर मापाचे आहे.