निळ्या पट्ट्यांची माशी



तीन वर्षांपूर्वी मी धारवाडच्या घराच्या अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. चिखल गेला, घरची मंडळी खूश. पण कुंपणाजवळच्या वांग्यांची फुलं गळू लागली. पाणी, शेणखत सगळं होतं. मग लक्षात आलं, पोटावर निळे पट्टे असलेली ती छोटी माशी दिसेनाशी झाली आहे.

ही पोळं बांधत नाही. प्रत्येक मादी एकटीच कडक मातीत किंवा जुन्या मातीच्या भिंतीत बीळ कोरते. आत छोट्या कोठड्या; प्रत्येकीत पराग-मधाची शिदोरी, एक अंडं, आणि तोंड बंद. नरांना घरच नाही, रात्री गवताची काडी जबड्यात धरून झोपतात!

वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलात पराग नळीत कोंडलेला असतो, टोकाला बारीक भोक. ही माशी फुलाला बिलगून अंग थरथरवते आणि डबीतून मीठ पडावं तसा पराग खाली पडतो. पोळ्यातल्या मधमाशीला हे जमत नाही.

ऋषिपंचमीला आपण नांगर न लागलेल्या जमिनीतलं खातो. हिलाही तशीच जमीन हवी.

यंदा मी भिंतीलगतच्या दोन रांगा उचकटल्या. मागच्या महिन्यात तिथे पेन्सिल जाईल एवढं एक बीळ दिसलं. मुलांना डसेल ही भीती नको. चिमटीत धरल्याशिवाय ती सहसा डंख मारत नाही.

मंडळाच्या आवारात फरशी घालायचा विषय सभेपुढे येणार आहे. कुंपणाकडची चार फूट माती तेवढी मोकळी ठेवा, ही विनंती.