‘कृषक’ शेतावर गेलंच नव्हतं!

आज आधी माफी, मग गप्पा.

मागच्या भागात मी बोलून गेलो, की ‘कृषक’ हे आपलं देशी विमान पिकांवर औषध फवारायचं. दुसऱ्या दिवशी एकीचा व्हॉइस मेसेज आला : “दादा, माझे आजोबा तोफखान्यात होते, कृषक उडवायचे. फवारणी कधीच केली नाही त्यांनी. तुमचा भाग ऐकून दिवसभर गप्प होते.”

चूक माझीच. मी नावावर गेलो, कोड वाचलाच नाही.

हिंदुस्तान एअरक्राफ्ट, म्हणजे आजची एचएएल. त्यांच्या कोडमधला पहिला ‘एच’ म्हणजे हिंदुस्तान. पुढची अक्षरं विमानाचं काम सांगतात. एचटी-२ मधला ‘टी’ म्हणजे ट्रेनर. आपल्या कोल्हापूरकडच्या डॉ. वि. मा. घाटगे यांच्या टीमनं बनवलेलं हे विमान ५ ऑगस्ट १९५१ला पहिल्यांदा उडालं. एचयूएल-२६ म्हणजे अल्ट्रा लाइट, फ्लाइंग क्लबांचं दोन सीटचं ‘पुष्पक’. ते उडालं १९५८ साली.

आणि एचएओपी-२७? एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट, हवेतली टेहळणी चौकी. गोळा कुठे पडला ते वरून बघायचं आणि रेडिओवर तोफखान्याला सांगायचं. हेच आपलं कृषक!

पण नुसत्या कोडवर थांबू नका, प्रोटोटाइपही शोधा. कृषकचा पहिला प्रोटोटाइप नोव्हेंबर १९५९मध्ये उडाला, दुसरा वर्षभरानं. तेव्हा ते पुष्पकचा थोरला भाऊ म्हणून बनत होतं. कोणी फारसा रस दाखवेना, म्हणून काम बासनात गेलं. पुढे लष्कराला टेहळणीसाठी हलकं विमान हवं झालं, तेव्हा ते पुन्हा बाहेर निघालं. म्हणजे विमान आधी, लष्करी नोकरी नंतर.

मग फवारणीचं विमान कोणतं? ते एचए-३१ ‘बसंत’. त्याचा मार्क-२ प्रोटोटाइप मार्च १९७२मध्ये उडाला. मी या दोघांची सरमिसळ केली.

घरी जुन्या विमानाचा फोटो सापडला तर एवढं करा. अंगावरचा नंबर त्या एकाच विमानाचा असतो, गाडीच्या नंबरप्लेटसारखा. त्यावरून मॉडेलचा कोड काढा, मग पहिल्या उड्डाणाची तारीख. नाव सगळ्यात शेवटी.

आजोबा, ऐकताय ना? माफ करा. तुमचं विमान चौकीवर होतं, शेतावर नाही.

भेटू पुढच्या भागात!