पावसाच्या भरवशावर



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही एका बेडकाविषयी बोलणार, हे ऐकून काहींना हसू आले असेल. आम्ही प्राणिशास्त्राचे पंडित नव्हे. कला शाखेचे पदवीधर आणि केंद्र सरकारचे चाकर आहोत. तथापि या एवढ्याशा जीवाची हकीकत आपणा सर्वांच्या कानी घालावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

केरळच्या दक्षिण भागात, कोल्लम जिल्ह्यातील कुळत्तूपुळाच्या परिसरात, सह्याद्रीच्या पायथ्याशी रानजायफळांची दलदलीची वने आहेत. संथ ओढ्यांच्या काठची ही जमीन पाण्याने भिजलेली असते. चिखलात हवा खेळत नाही. म्हणून झाडांची मुळे दुमडलेल्या गुडघ्यांसारखी वर येऊन श्वसन करतात. याच वनातील एका वृक्षवासी बेडकाची शास्त्रीय नोंद २०१३ साली झाली. त्याचे नाव मर्क्युराना मिरिस्टिकापलुस्ट्रिस. नावाच्या उत्तरार्धात रानजायफळाची दलदल आहे, तर पूर्वार्धात गायक फ्रेडी मर्क्युरी! संशोधक त्यांच्या संगीताचे चाहते होते. शिवाय त्यांचे बालपणीचे शिक्षण आपल्या पाचगणीस, म्हणजे सह्याद्रीतच, झाले होते.

एरवी झाडांवर राहणारा हा बेडूक सहसा दृष्टीस पडत नाही. पावसाळा जवळ येताच नर दलदलीकाठच्या खालच्या फांद्यांवर उतरतात आणि मादीला साद घालतात. मादी चिखलात उथळ खळगा करून अंडी घालते, ती चिखलात कालवते आणि झाकून टाकते. पुढे पावसाने दलदल भरली, की ज्यांना प्राणिशास्त्रात भैकेर म्हणतात ती शेपटीवाली पिल्ले पाण्यात वाढू लागतात. आपल्या परिचयाचे बेडूक डबकी भरल्यावर अंडी घालतात. ही माता मात्र पाणी येण्यापूर्वीच, पावसाच्या भरवशावर, आपला वंश मातीच्या स्वाधीन करते.

हा भरवसा पावसाने एक वेळ पाळला, तरी माणूस पाळील काय? ओढा वळविला, झाडे तोडली, चिखलाचे शेत केले, की त्या अंड्यांना आधार उरत नाही. केरळात अशा कित्येक दलदली भातशेतीखाली गेल्या. दक्षिण केरळात मोजणी झालेल्या सुमारे साठ तुकड्यांचे एकूण क्षेत्र अवघे दीडशे हेक्टरांच्या आसपास भरले.

रानजायफळाच्या दलदली आपल्या मुलखातही आहेत. हा बेडूक तेथला नव्हे, पण वन त्याच जातीचे. सिंधुदुर्गातील बांबर्डे येथील दलदलीस २०२१ साली जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. गोव्यात सत्तरी तालुक्यातील नानोडे येथे ‘निरंकाराची राय’ लोकांनी देवाच्या नावाने राखली. कायदा असो वा श्रद्धा, राखणदार हवाच.

आपण रजेवर गावी जातो. या खेपेस मुलाबाळांना ही वने दाखवावीत, मात्र काठावरूनच. चिखलात पाय घालू नये. तेथे कोणी तरी पावसाची वाट पाहत असेल.