मक्ता द्या, सातबारा देऊ नका

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



शेत स्वतः वाहायचे, सालदार ठेवायचा की मक्त्याने द्यायचे, हा प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला नवा नाही. पाडवा जवळ आला की घरोघरी त्याची चर्चा होते. त्याच जातीचा एक प्रश्न आज आपल्या पतसंस्था, शाळा-महाविद्यालये, जिनिंग आणि दवाखाने यांच्यापुढे आहे. संस्थेचा सर्व्हर आपणच सांभाळायचा, की पैसे मोजून ते काम जाणकाराकडे सोपवायचे?

सर्व्हर म्हणजे चोवीस तास जागा असणारा संगणक. संस्थेची वेबसाइट, खात्यांच्या नोंदी, विद्यार्थ्यांचे निकाल त्यावर ठेवलेले असतात. कोणी पुसदहून, कोणी वणीहून मोबाइलवर मागणी केली की तो ती माहिती पुरवतो. दिसायला तो टेबलाखालच्या साध्या संगणकासारखाही असू शकतो. त्यामुळे संचालक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी हमखास म्हणते, "एक चांगले यंत्र घेऊ, इन्व्हर्टर लावू, दरमहा भाडे कशाला भरायचे?"

हा विचार अगदीच चुकीचा नाही. पण यंत्राची किंमत हा खर्चाचा लहान भाग आहे. मोठा भाग माणसांचा असतो. आठवड्यात १६८ तास असतात आणि एक माणूस त्यांतले ४८ तास काम करतो. उरलेल्या १२० तासांत सर्व्हरकडे कोण पाहणार? नुसता भागाकार केला तरी साडेतीन माणसे लागतात. रजा, दुखणे, लग्नसराई धरली तर चार. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्या दिवसांत बंद खोलीतले यंत्र थंड ठेवायचे, वीज गेली तर जनित्र सुरू करायचे आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली तर दुसऱ्या जोडणीची सोय करायची, ही कामेही त्यांच्याकडेच येतात.

यंत्र बंद पडले तर निदान कळते. न कळणारा धोका अधिक मोठा असतो. सर्व्हरवरच्या प्रणालींत वेळोवेळी कच्चे दुवे सापडतात. बनवणारी कंपनी त्यावर दुरुस्ती देते, पण ती बसवण्याचे काम आपले असते. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका दोषावर १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने त्याच दोषातून जगभर शिरकाव केला. इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. औषध दोन महिने आधीच आले होते, पण अनेक ठिकाणी ते बसवलेच गेले नव्हते.

चोर वेळ कशी साधतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या एटीएम यंत्रणेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी हल्ला झाला. तो दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस. काही तासांत अनेक देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. १३ तारखेला आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगकडे वळवले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा होता. एवढ्या मोठ्या बँकेवर अशी वेळ येते, तर दोन खोल्यांच्या पतसंस्थेने रात्रीच्या राखणीचा विचार नको का करायला?

मग सगळे दुसऱ्याकडे सोपवून मोकळे व्हावे का? तेही पुरत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर विषाणूचा हल्ला झाला. ही कंपनी अनेक सहकारी व ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. धोका पसरू नये म्हणून देशाच्या पेमेंट यंत्रणेने तिची जोडणी तोडली आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय व एटीएम व्यवहार थांबले. १ ऑगस्टला जोडणी पूर्ववत झाली. मक्तेदार एकच आणि शेते तीनशे असली, की एका बांधावरची आग सगळीकडे पोचते.

दुसरी घटना फ्रान्समधली. स्ट्रासबर्ग शहरात १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच या बड्या कंपनीची सर्व्हरांनी भरलेली एक इमारत जळून गेली. ज्या ग्राहकांनी माहितीची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवली होती, ते सावरले. ज्यांनी ती ठेवलीच नव्हती किंवा त्याच आवारात ठेवली होती, त्यांतल्या अनेकांची माहिती कायमची गेली.

तेव्हा श्रोतेहो, माझे मत असे आहे. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक लहान संस्थांनी सर्व्हरची देखभाल जाणकारांना द्यावी. मात्र शेत मक्त्याने दिले तरी सातबारा आपण कोणाच्या नावावर करत नाही. सर्व्हरच्या बाबतीतही चार गोष्टी स्वतःकडेच ठेवल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट वेबसाइटच्या नावाची, म्हणजे डोमेनची. त्याची नोंद संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्याच ईमेल व मोबाइलवर असावी. पुष्कळदा वेबसाइट बनवणारा मुलगा ती स्वतःच्या ईमेलवर करतो. पुढे तो नोकरीला हैदराबादला जातो, नूतनीकरणाची तारीख उलटते आणि एके सकाळी वेबसाइट उघडत नाही. मुख्य पासवर्डही सीलबंद पाकिटात संस्थेच्या तिजोरीत असावेत आणि माणूस बदलला की तेही बदलावेत.

दुसरी गोष्ट बॅकअपची. नोंदींच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी, हा जुना नियम आजही चांगला आहे. एक प्रत अशी असावी, की जिला मक्तेदाराचाही हात लागत नाही. वर्षातून दोनदा त्या प्रतीवरून सगळे पुन्हा उभे करून पाहावे. बियाणे पेरण्याआधी आपण उगवण तपासतो, तसेच हे आहे.

तिसरी गोष्ट लेखी कराराची. कोणी एखादे यंत्र भाड्याने देतो आणि दुरुस्त्या, राखण, बॅकअप ही सगळी कामे आपल्यावरच सोडतो. कोणी देखभालीसकट देतो. दोन्ही दरपत्रके शेजारी ठेवून नुसती रक्कम पाहिली, तर नांगरट आपली की त्यांची हे कळतच नाही. '९९.९ टक्के सेवा' हे शब्द भरघोस वाटतात, पण त्यात वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा असते. ९९ टक्के लिहिले असेल तर ती साडेतीन दिवसांहून अधिक होते. रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि करार संपल्यावर आमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार, हे कागदावर यायला हवे. आपली शकुंतला आठवा. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे. दोघांच्या मध्ये मार्गाच्या दुरुस्तीचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला आणि गाडी थांबली.

चौथी गोष्ट जबाबदारीची. ती करार करूनही दुसऱ्यावर टाकता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार लोकांची माहिती गोळा करणारी संस्थाच उत्तरदायी राहते, मग काम तिने कोणाकडेही सोपवलेले असो. त्याची नियमावली नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिवाय केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागते. म्हणून मक्तेदाराला नेमके प्रश्न विचारू शकेल असा एक तरी माणूस संस्थेत तयार करावा.

स्वतः सर्व्हर चालवायचा कोणी? ज्यांच्याकडे पगारावर जाणकार माणसे आहेत, एक गेला तर दुसरा उभा राहतो, आणि ज्यांचे काम बाजारातल्या तयार सेवेत बसत नाही, त्यांनी. अभियांत्रिकी महाविद्यालयाने विद्यार्थ्यांच्या सरावासाठी जरूर चालवावा. मात्र परीक्षेच्या नोंदी त्या सरावाच्या यंत्रावर ठेवू नयेत.

तुमच्यापैकी बरेच जण संचालक नसाल, पण कोणत्या ना कोणत्या पतसंस्थेचे सभासद असाल. तुमच्या कापसाचे, निवृत्तीचे, मुलीच्या लग्नाचे पैसे तिथे आहेत. पुढच्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर एवढे दोन प्रश्न विचारा: आमच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे आहे, आणि तिच्यावरून सगळे परत उभे करून शेवटचे कधी पाहिले? तारखेसकट उत्तर मिळाले तर संस्था जागी आहे असे समजा. उत्तर मिळाले नाही तर ते मिळेपर्यंत पाठपुरावा करा.