आदिवासी कलावंतांचे केंद्र कलावंतांच्याच हाती



वारली चित्रकलेचा विषय निघाला, की सुशिक्षित समाजाच्या डोळ्यांपुढे तारपा वाजविणारा एक माणूस आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे उभी राहतात. ही आकृती आज साड्यांवर, चहाच्या कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर आणि उड्डाणपुलांच्या खांबांवर सर्वत्र दिसते. ती काढणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच दिसते. आदिवासी कलावंतांचे आणि आदिवासी कलावंतांनीच चालविलेले केंद्र नाशिक शहरात उघडले पाहिजे, या मागणीचा विचार करताना आरंभ या गैरहजर नावापासूनच करावयास हवा. प्रश्न सौंदर्याचा आहेच, परंतु त्याआधी तो मालकीचा आहे.

वारल्यांच्या घरी लग्न ठरले, की झोपडीतल्या सारवलेल्या, गेरूने रंगविलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक रेखाटतात. चौकात पालघाट देवी येते, धवलेरी गाणी म्हणते, आणि मग लग्न लागते. हे वर्णन अनेक ग्रंथांत सापडते. परंतु ज्या लग्नासाठी हा चौक रेखाटला जाई, त्याच लग्नाशी वारल्यांची गुलामगिरी बांधलेली होती, याचा उल्लेख कलासमीक्षकांच्या लिखाणात फारसा येत नाही. लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून वा सावकाराकडून कर्ज घ्यावयाचे, आणि ते फेडण्यासाठी नवऱ्याने, पुष्कळदा त्याच्या बायकोनेही, आयुष्यभर त्याच्या दारात राबावयाचे. कर्ज कधी फिटत नसे, कारण हिशेबाची वही जमीनदाराजवळ असे. या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनानंतर ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्यासमवेत जो लढा दिला, त्याने वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढली. तो लढा लाल बावट्याखाली झाला. त्याचे श्रेय ज्यांचे त्यांना देण्यात समाजवाद्यांनी कद्रूपणा करण्याचे कारण नाही. येथे मुद्दा एवढाच, की ज्या भिंतीवर चौक होता त्याच घरात कर्जाचा अंगठा होता, आणि वही कोणाजवळ आहे यावर सारे अवलंबून होते.

भिंतीवरचे चित्र विकता येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत त्याला उपयोगमूल्य होते, विनिमयमूल्य नव्हते. कागद आला आणि हे बदलले. कागद कसा आला, हा इतिहास बोधप्रद आहे. बिहारमध्ये १९६६-६७ चा दुष्काळ पडला, तेव्हा मिथिलेतील स्त्रियांना रोजगार मिळावा म्हणून अखिल भारतीय हस्तकला मंडळाने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठविले. त्यांनी भिंतीवर चित्रे काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद दिला. हेच कुलकर्णी सत्तरीच्या दशकाच्या आरंभी डहाणू तालुक्यात आले, आणि गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांची कला जगापुढे आली. लहानपणी आई गेल्यावर बोलणे सोडून धुळीत चित्रे काढणारा हा मुलगा पुढे पद्मश्रीपर्यंत पोहोचला. तो सन्मान त्यांना २०११ साली मिळाला, आणि २०१८ साली ते गेले.

मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती राहिला. तेथील जगदंबादेवींना १९७५ साली पद्मश्री मिळाली, पुढे सीतादेवी आणि गंगादेवी यांनाही मिळाली. डहाणूत मात्र भिंत सवाशिणींची होती आणि कागद बहुतांशी पुरुषांचा झाला. यात म्हसे यांच्या प्रतिभेला उणेपणा येत नाही. पण जे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विनामोल केले, त्याला किंमत येताच ते पुरुषांकडे गेले, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवी नाही. शेतात यंत्र आले तेव्हा हेच झाले. तेव्हा केंद्र काढावयाचे असेल, तर त्याच्या सभासदांत आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच्या संचालकांत स्त्रिया किती, हा प्रश्न सौजन्यापोटी शेवटी विचारावयाचा नसून पहिल्या सभेतच विचारावयाचा आहे.

कायद्याने काही दिले नाही असे नाही. आदिवासी तरुणांच्या संघटनेच्या प्रयत्नातून २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. पण ही नोंदणी मुख्यतः नावाला संरक्षण देते. यंत्रावर छापलेल्या चादरीवर तीच आकृती असली आणि ‘वारली’ हा शब्द नसला, तर ती नोंदणी फारशी कामाला येत नाही. प्रताधिकाराचा कायदा व्यक्तीला ओळखतो, परंपरेला ओळखत नाही. त्याच कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने घातलेले एक कलम, ५३ अ, कार्यकर्त्यांनी अवश्य वाचावे. चित्र पुन्हा विकले गेले आणि किंमत दहा हजार रुपयांहून अधिक आली, तर त्या किमतीत मूळ चित्रकाराला वा त्याच्या वारसांना हिस्सा मागता येतो. त्याची कमाल मर्यादा दहा टक्के आहे. ऑस्ट्रेलियात अशाच स्वरूपाचा पाच टक्क्यांचा हक्क २०१० पासून अमलात आहे. पण हक्क मागावयाचा तर पहिले चित्र कोणी, कधी, कोणास आणि कितीला विकले याची नोंद हवी. ज्या चित्रकाराला आठवडाबाजाराच्या दिवशी रोख पैसे हवे असतात, आणि जो चित्राखाली सहीदेखील करीत नाही, त्याने ती नोंद ठेवावी कोठे? केंद्राचे पहिले काम प्रदर्शन भरविणे नव्हे. वही ठेवणे हे त्याचे पहिले काम होय.

आता ही वही कोणी ठेवावयाची? येथे आपल्याच राज्यातील एका प्रयोगाची आठवण करावयास हवी. १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या. कूपांचा ठेका ठेकेदाराकडून काढून आदिवासी मजुरांच्या संस्थेला द्यावयाचा, ही कल्पना उत्तम होती आणि तिने मजुरी वाढविली हे मान्य केले पाहिजे. परंतु या संस्थांना ‘पुरस्कर्त्या’ संस्था नेमून दिलेल्या असत. पत्रव्यवहार, हिशेब, लिलाव सारे बाहेरचे शिकलेले लोक पाहत. त्यांतील अनेक जण निःस्वार्थी होते. तरीही सभासदाला व्यवहार कळावा, उद्या त्यानेच तो चालवावा, याची घाई फार थोड्यांना होती. सभासद अंगठा देत राहिला. सेवाभाव हा पुष्कळदा मालकीचाच एक मृदू प्रकार असतो, हे समाजवादी चळवळीतल्या माणसांनी स्वतःच्या बाबतीतही तपासून पाहण्यासारखे आहे.

उलट उदाहरण दूरचे आहे, पण उपयोगी आहे. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या नावाच्या वस्तीतील आदिवासी चित्रकारांनी १९७२ साली ‘पापुन्या तुला’ ही आपली कंपनी स्थापन केली. तिचे भागधारक आणि संचालक ते स्वतः. दैनंदिन कामासाठी त्यांनी बाहेरचे व्यवस्थापक नेमले, गोरेही नेमले. पण व्यवस्थापक हा चित्रकारांचा नोकर होता. नाशिकमध्येही हिशेबनीस बाहेरचा असावयास हरकत नाही. त्याला नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार कोणाला, हे ठरले म्हणजे झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० अन्वये वेगवेगळ्या कुटुंबांतील दहा माणसे एकत्र आली तरी संस्था नोंदविता येते. ही संख्या फार मोठी नाही.

असा प्रश्न विचारला जाईल, की वारल्यांचा मुलूख डहाणू-तलासरीचा, मग केंद्र नाशिकला का? त्याचे उत्तर नाशिक जिल्ह्याच्याच नकाशात आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत वारली, कोकणा, महादेव कोळी राहतात. भाताची कापणी संपली, की ते दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. गिरणाऱ्याच्या मजूरबाजारात सकाळी उभ्या असलेल्या माणसांत बोहाड्याचे सोंग नाचविणारा असतो, मुखवटा घडविणारा असतो, पावरी वाजविणारा असतो. बागाईतदाराला त्याचे दोन हात दिसतात, दुसरे काही दिसत नाही. त्यातही नाशिकच्या कलावंतांना आणखी एक अडचण आहे. बाजाराला ‘वारली’ एवढाच शिक्का ठाऊक असल्याने कोकण्यांच्या डोंगऱ्या देवाच्या उत्सवातील वा बोहाड्याच्या मुखवट्यांतील कला कोणाच्या गणतीतच नाही.

आणि या कलेने जुनेच राहावे अशी ग्राहकाची अपेक्षा असते. आदिवासी चित्रकाराने लग्न, कापणी आणि तारपा काढला तर तो ‘अस्सल’. त्याने आगगाडी काढली, वाढवणच्या बंदरापुढे उभी राहिलेली कोळ्यांची होडी काढली, किंवा मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत वनजमिनीच्या हक्कासाठी चालत गेलेल्या शेतकऱ्यांचे रक्ताळलेले पाय काढले, तर ‘हे आपल्या दिवाणखान्यात कसे लावावयाचे?’ मुंबईच्या चित्रकाराला समकालीन असण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. आदिवासी चित्रकाराला ती दुकानदाराकडून घ्यावी लागते, कारण दुकान त्याचे नाही. स्वतःचे केंद्र हवे ते यासाठीही. तेथे न विकले जाणारे चित्रही भिंतीवर लागले पाहिजे.

मध्यप्रदेशातील परधान गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांचे उदाहरण या संदर्भात विसरता येत नाही. चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या दृष्टीमुळे ते पाटणगढहून भोपाळच्या भारत भवनात आले, आणि त्यांच्या रेषेतून एक संपूर्ण संप्रदाय जन्मला. २००१ साली जपानमधील एका संग्रहालयात चित्रे काढावयास गेले असता त्यांनी तेथेच आत्महत्या केली. त्यामागची कारणे सांगण्याचा अधिकार कोणी घेऊ नये. परंतु परदेशी जाणाऱ्या कलावंताचा करार त्याच्या वतीने वाचणारी, तो परत कधी येणार हे विचारणारी, त्याच्याच लोकांची एक कचेरी असावी, ही मागणी यानंतर तरी अवाजवी ठरू नये.

राहिला जागेचा आणि पैशाचा प्रश्न. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. आदिवासी विकास महामंडळाचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे. सिंहस्थासाठी शहरात रस्ते, घाट आणि रंगरंगोटी यांवर खर्च होणार, तेव्हा भिंतींवर वारली आकृतीही काढल्या जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. ते काम कंत्राटदारामार्फत न देता थेट कलावंतांच्या संस्थेला द्यावे, प्रत्येक भिंतीखाली काढणाऱ्याचे व गावाचे नाव लिहावे, आणि दर संस्थेशी बोलून ठरवावा, एवढी मागणी आजच करता येईल. जागा शासनाने नाममात्र भाड्याने द्यावी. मात्र त्या बदल्यात संचालक मंडळावर आपला अधिकारी बसविण्याची अट घालू नये. अधिकाऱ्याला चित्र पाहावयाचे असेल, तर त्याने इतर ग्राहकांप्रमाणे दारातून आत यावे आणि किंमत विचारावी.